घरातलं माणूस गेल्यानंतरचा वाचनाचा एक महिना : ठाण्यातलं एक प्रकरण

परिस्थिती

वाचक बाईंचं वय ५२. घर नौपाड्यात, नोकरी वाशीच्या एका कार्यालयात, लेखा विभागात. पतीचं हृदयविकाराच्या झटक्याने अचानक निधन झालेलं. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि सोळाव्या दिवशी बाई ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर आल्या. वाचायला काही न्यावं असं मनात नव्हतं. पिशवीत दोन पुस्तकं होती आणि त्या एवढंच म्हणाल्या, "ही दोन ह्यांच्या नावावर आहेत. मुदत गेलीय बहुतेक."

हे एका विशिष्ट व्यक्तीचं प्रकरण नाही. देवघेव विभागात पुन्हा पुन्हा दिसणारी परिस्थिती इथे एका घराच्या रूपात उभी केली आहे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. त्यामुळे सभासदत्व एकाच्या नावावर आणि वाचणारं सगळं घर, अशी कुटुंबं या शहरात पुष्कळ. त्यातला नावावरचा माणूस गेला की कधी ना कधी कुणीतरी अशी पिशवी घेऊन काउंटरवर येतंच.

त्या पाच मिनिटांत काय करायचं हे ठरलेलं असावं. विलंब शुल्काचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. परत आलेलं पुस्तक बाईंच्या समोरच चाळायचं, कारण पानांत हमखास काहीतरी असतं : टीएमटीचं, म्हणजे ठाण्याच्या शहर बसचं, तिकीट, औषधांच्या दुकानाचं बिल, पेन्सिलने लिहिलेला फोन नंबर. ते काढून हातात द्यायचं. टोपलीत टाकायचं नाही आणि "हे ठेवायचंय का?" असंही विचारायचं नाही. सभासदत्व बंद करून अनामत परत घ्यायची की घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करायची, हे महिन्याभरात सांगितलं तरी चालतं. बहुतेक ठिकाणी त्यासाठी अर्ज, मृत्यूदाखल्याची प्रत आणि जुनी पावती एवढंच लागतं. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तोवर त्याच नंबरावर एखादं नेऊ का?" महिना सुरू झाला तो इथून.

पहिले चार दिवस : जाड कादंबरी

बाई पूर्वीच्या चांगल्या वाचक. वर्षाला पंधरा-वीस पुस्तकं सहज व्हायची. म्हणून त्यांनी स्वतःच निवडलं : साडेपाचशे पानांची, तीन पिढ्यांची कादंबरी. मोठ्या पुस्तकात बुडून जाता येईल, हा हिशोब. चौथ्या दिवशी पुस्तक परत आलं तेव्हा खूण १९व्या पानावर होती. एकच पान तीन-चारदा वाचूनही कोण कुणाचा भाऊ हे लक्षात राहत नव्हतं, आणि याचा अर्थ त्यांनी "आता वाचनही गेलं" असा लावला होता.

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते पुस्तकाने होत नाही. शोकाच्या पहिल्या आठवड्यांत लक्ष टिकत नाही, झोप तुटते, आत्ता वाचलेलं लगेच निसटतं. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकाचं निदान करायला किमान ६ महिने जावे लागतात. अमेरिकेच्या डीएसएम-५-टीआर या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत प्रौढांसाठी ती मर्यादा १२ महिन्यांची आहे. तेव्हा सोळाव्या दिवशी कादंबरी वाचता न येण्याला कुठलंही नाव द्यायची गरज नाही. पण मोठी कादंबरी वाचकाकडून नेमकं तेच मागते जे त्या वेळी त्याच्याकडे नसतं : वीस-पंचवीस माणसांची नावं, त्यांची नाती आणि शंभर पानांपूर्वी काय झालं याची आठवण.

आणखी एक कारण सहसा कुणी मोजत नाही. घरातलं माणूस गेल्यावरचा महिना म्हणजे कागद वाचण्याचा महिना. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दाखल्याच्या प्रती काढायच्या. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, कर्मचारी ठेव विम्यासाठी ५-आयएफ. बँकेतलं नामनिर्देशन, सोसायटीतल्या भागदाखल्याचं (शेअर सर्टिफिकेटचं) हस्तांतर, गॅसची जोडणी, विजेचं बिल. या प्रत्येक कागदावर 'मयताचे नाव' असा रकाना असतो आणि तो आपल्या हाताने भरायचा असतो. संध्याकाळी दीड तास हे केल्यावर रात्री कादंबरी उघडली, तर पुस्तकाच्या वाट्याला उरलंसुरलं डोकं येतं. म्हणून पहिला बदल वेळेचा केला : ज्या दिवशी फॉर्म भरायचे त्या रात्री वाचन नाही, आणि त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही.

माप बदललं

कादंबरीच्या जागी ललित लेखांचं एक पुस्तक दिलं. विषय बघून नाही, लांबी बघून. एकही लेख पाच पानांपेक्षा मोठा नाही, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, टाईप मोठा, ओळींमध्ये जागा भरपूर. टाईपची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पन्नाशीच्या वाचकाला चाळिशीचा चष्मा असतो. रडून आणि जागून डोळे चुरचुरत असतात. जुन्या आवृत्त्यांचा बारीक, फिकट झालेला ठसा अशा वेळी दोन पानांत थकवतो. एरवी ज्या जुन्या प्रतीचं कौतुक करावं, ती या महिन्यात देऊ नये.

मापही पानांचं ठेवलं नाही. डेमी आकाराच्या, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या मापाच्या, मराठी पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द असतात आणि सवयीचा वाचक ते दीड-दोन मिनिटांत वाचतो. या काळात त्याच पानाला चार मिनिटंही लागतात. 'रोज वीस पानं' असं ठरवलं की रोज नापास व्हायचं. त्याऐवजी 'रोज एक तुकडा, पूर्ण' असं ठरलं. तुकडा म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेलं काहीही : लेख, लघुकथा, एखाद्या पदार्थाची कृतीसुद्धा. पूर्ण होणं महत्त्वाचं, कारण त्या घरात त्या वेळी बाकी काहीच पूर्ण होत नव्हतं. बँकेतून "दोन दिवसांनी या", सोसायटीतून "पुढच्या मीटिंगला बघू".

जागा गाडीतली. ठाण्याहून वाशीला जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे एखादी गाडी सोडली तर बसायला मिळतं. प्रवास अर्ध्या तासाचा. घरी वाचायला बसलं की समोर रिकामी खुर्ची, मध्येच सांत्वनाचे फोन, दारात शेजारीण. गाडीत कुणी ओळखत नाही, आणि पुस्तक उघडलेलं असलं की बायकांच्या डब्यातही कुणी "काय झालं हो?" म्हणत नाही. दिघा गाव येईपर्यंत नुसतं बसायचं, ऐरोलीपासून वाचायला घ्यायचं, कोपरखैरणेला पुस्तक पिशवीत. म्हणजे मधला दहा-बारा मिनिटांचा तुकडा. सानपाड्यापर्यंत ताणलं की उतरायची घाई आणि शेवटचा परिच्छेद एकमेकांवर येतात, मग तो परिच्छेद परतीच्या गाडीत पुन्हा वाचावा लागतो. परतीला मात्र वाचायचं नाही असं ठरलं. संध्याकाळी बसायला जागा मिळेल याची खात्री नसते, आणि मिळाली तर त्यांना डुलकी लागायची. ती झोप पुस्तकापेक्षा मोलाची होती.

एक वही ठेवली, चार रकान्यांची : तारीख, मिनिटं, काय वाचलं, एक ओळ. चौथ्या रकान्यात अभिप्राय लिहायचा नाही, वाचलेल्यातली एक गोष्ट लिहायची. 'आंब्याच्या पेटीतलं गवत.' 'आजोबा घड्याळाला किल्ली देतात.' एवढंच. ती ओळ लिहिता आली नाही तर वाचन झालं नाही असं न समजता तिथे आडवी रेघ मारायची. पहिल्या आठवड्यात रेघा जास्त होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून त्या कमी झाल्या, आणि 'वाचन गेलं नाही' हे बाईंना पटलं ते या रकान्यामुळे. कुणाच्या धीराच्या शब्दांनी नव्हे.

घरात आलेली पुस्तकं

तोवर घरी पुस्तकांचा ढीग झाला होता. दुःखावर मात कशी करावी, सकारात्मक कसं राहावं, मृत्यूनंतर आत्म्याचं काय होतं. आणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण शोकाच्या पहिल्या महिन्यात अशी पुस्तकं वाचकाला कामाला लावतात : दहा पायऱ्या, सात सवयी, रोजचा स्वाध्याय. जमलं नाही की आणखी एक अपयश. पुस्तकांचा औषधासारखा वापर करण्याची कल्पना जुनी आहे. 'बिब्लिओथेरपी' हा शब्द सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकी लेखकाने १९१६ साली वापरला, तोही थोड्या थट्टेच्या सुरात. ती थट्टा पुढे बरेच जण विसरले. कुठल्या दुखण्यावर कुठलं पुस्तक, अशी यादी करता येते असं वाटणं आकर्षक असतं. काउंटरवरचा अनुभव मात्र सांगतो की नवरा गेलेल्या बाईला नवरा गेलेल्या बाईची गोष्ट देणं हा बहुतेक वेळा सगळ्यात वाईट पर्याय ठरतो. निदान सुरुवातीला तरी.

गरुडपुराणाचं वेगळं सांगायला हवं. सुतकाच्या दिवसांत ते वाचण्याची प्रथा बऱ्याच घरांत आहे आणि या घरातही ते झालं. त्यातली यममार्गाची आणि यातनांची वर्णनं ऐकून सासूबाई रात्री दचकून उठू लागल्या. "माझ्या पोराला तिथं चालावं लागत असेल का गं?" असं त्या विचारायच्या. यावर वाद घालून उपयोग नसतो. घरच्या गुरुजींना विचारून पुढचे दिवस गीतेचा पंधरावा अध्याय ठेवला, तो अनेक घरांत अशा वेळी म्हटला जातोच. श्लोक २०, म्हणायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि सासूबाईंना तो पाठ होता. पाठ असलेलं म्हणताना डोळ्यांची गरज लागत नाही, ही या घरात मोठी सोय होती.

उलट ज्याची कुणी शिफारस केली नव्हती ते चाललं. मुलाने माळ्यावरून जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा काढला. १९०९च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या या प्रकाराची रचनाच अशा काळाला सोयीची आहे : कथा, लेख, व्यंगचित्र, राशिभविष्य, मध्ये जाहिराती. कुठूनही उघडा, कुठेही मिटा. पंधरा वर्षांपूर्वीचं वार्षिक राशिभविष्य वाचून बाई मोठ्याने हसल्या आणि लगेच दाराकडे बघितलं. शेजारी ऐकतील, महिनाही झाला नाही आणि हसतेय म्हणतील. ही भीती खरी असते. विनोदी पुस्तक नेताना वाचक ते पिशवीत खाली ठेवतात, वर दुसरं काहीतरी गंभीर. काउंटरवरच्या माणसाने अशा वेळी पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचू नये, एवढी साधी मदत करता येते.

पतीचं कपाट

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री अडीच वाजता बाईंनी पतीचं पुस्तकांचं कपाट उघडलं. हाताला आलेल्या पुस्तकात पेन्सिलच्या खुणा होत्या, समासात 'बरोबर' असं लिहिलेलं होतं. ११२व्या पानानंतर खुणा नव्हत्या. पुस्तक तिथेच थांबलं होतं. पुढचे तीन दिवस वहीत नुसत्या रेघा.

खुणा केलेली पुस्तकं वाचूच नयेत असं म्हणणारे आहेत, लगेच वाचून मोकळं व्हावं असंही म्हणणारे आहेत. आमचं मत : वाचावीत, पण रात्री नाही आणि एकट्याने नाही. रात्री अडीच वाजता माणसाला थांबवणारं कुणी नसतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. म्हणून तीन गोष्टी ठरल्या. कपाटाची किल्ली मुलाकडे. उघडायचं ते रविवारी सकाळी, चहानंतर, मुलगा घरात असताना. आणि एका वेळी एकच पुस्तक, अर्धा तास. किल्ली मुलाकडे देण्याचा एक फायदा आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता : वडिलांच्या पुस्तकांबद्दल बोलायला त्याला निमित्त मिळालं. तोवर तो हेडफोन लावून खोलीत बसायचा. आपण पुस्तकं वाचत नाही, तेव्हा हा विषय आईचा, असं त्याने धरून ठेवलं होतं.

रात्रीच्या जागरणावर मोबाईल हा उपाय नाही, हेही याच आठवड्यात कळलं. कुणीतरी पीडीएफ पाठवलेली असते, ती वाचायला फोन हातात घ्यायचा आणि दोन मिनिटांत सांत्वनाच्या जुन्या संदेशांत शिरायचं. पलंगाशेजारी कागदी पुस्तक ठेवलं, आधी वाचलेलं आणि आवडतं. नव्या पुस्तकात पुढे काय होतं ही ओढ जागं ठेवते. वाचलेल्यात शेवट माहीत असतो, त्यामुळे कुठल्याही ओळीवर दिवा मालवता येतो. फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावायचा.

मोठ्याने वाचणं

तिसऱ्या आठवड्यातला बदल सासूबाईंमुळे झाला. दिवेलागणीनंतरचा तास या घरात सगळ्यात जड जायचा, कारण पती त्याच वेळी कामावरून यायचे. लिफ्टचं दार वाजलं की दोघी एकदम गप्प व्हायच्या. पहिल्यांदा मराठी ऑडिओबुक लावून बघितलं. स्वयंपाक करताना घरात आवाज राहतो हे खरं, पण सासूबाईंना अनोळखी पुरुषाचा आवाज घरात नको वाटला. मग बाईंनी स्वतः वाचायला घेतलं.

मोठ्याने वाचण्याचं गणित वेगळं आहे. डेमी पानाला अडीच ते तीन मिनिटं लागतात, म्हणजे वीस मिनिटांत सात-आठ पानं. त्यापेक्षा जास्त वाचलं तर घसा बसतो आणि ऐकणाऱ्याला पेंग येते. जवळ पाणी हवं. दिवा वाचणाऱ्याच्या मागून, ऐकणारा समोर नाही तर शेजारी, म्हणजे चेहरे बघावे लागत नाहीत. मजकूर निवडताना संवाद कमी आणि वर्णन जास्त असलेला घ्यावा. संवादांत कोण बोलतंय हे आवाजातून दाखवता आलं नाही की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. या घरात प्रवासवर्णन चाललं : नदी, धर्मशाळा, बैलगाडी, जेवणाच्या पंक्ती. सासूबाई मध्येच थांबवून आपल्या माहेरच्या जत्रेचं सांगायच्या, पाच मिनिटं जायची, मग "अगं, पुढं वाच ना."

मनातल्या मनात वाचताना नकोशा ओळींवरून डोळा सरकतो. मोठ्याने वाचताना तसं करता येत नाही, प्रत्येक शब्द तोंडातून काढावा लागतो. त्यामुळे एका संध्याकाळी अडचण आली : मजकुरात अचानक एक चिता आली. बाईंचा आवाज अडकला, सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि मुलाने खोलीतून येऊन पुढची दोन पानं वाचली. अडखळत वाचली, जोडाक्षरांवर थांबत. त्यानंतर दिवसाआड तो वाचू लागला. अशी जागा पुढे येणार का हे आधी बघून ठेवणं शक्य असतं. मोठ्याने वाचायची पानं दुपारी एकदा नजरेखालून घालावीत. पण सगळ्याच जागा टाळाव्यात असं मात्र नाही.

चौथा आठवडा

श्राद्धाच्या दिवशी वाचन ठेवलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःहून एका विधवेचं आत्मकथन मागितलं. दिलं, एका अटीवर : तीस पानांनंतर थांबून विचार करायचा, आणि परत आणलं तर कारण सांगावं लागणार नाही. पुस्तक दोन दिवसांत परत आलं. वहीत एकच ओळ होती : 'हिला राग येतो, मला अजून आला नाही.' ही ओळ आम्हाला महत्त्वाची वाटते. पुस्तक चुकीचं नव्हतं, लवकर आलं होतं. ते नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं, सहा महिन्यांनी पुन्हा विचारायला.

महिन्याअखेर नेलेल्या पुस्तकांपैकी निम्मीही पूर्ण झाली नव्हती. प्रवासवर्णन पूर्ण झालं, ललित लेखांचे दोन संग्रह, आणि आधी वाचलेली एक छोटी कादंबरी. अर्धवट परत आलेल्यांची नोंद मुद्दाम ठेवली, कारण कुठल्या पानावर थांबलं यावरून पुढची निवड सोपी होते. विसाव्या पानाच्या आत थांबलेली बहुतेक पुस्तकं पात्रांच्या गर्दीमुळे किंवा बारीक टाईपमुळे सुटली होती, मजकुराच्या दुःखामुळे नाही.

वाचनाने सुटलं नाही ते झोपेचं. चौथ्या आठवड्यातही बाई पहाटे तीनला उठत होत्या, वजन घटलं होतं, आणि एकदा काउंटरवर सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "सकाळी उठलेच नाही तर बरं, असं वाटतं." अशा वाक्यावर पुस्तक सुचवायचं नसतं. त्यांना त्याच वेळी बाजूला बसवून हे विचार किती वेळा येतात ते सरळ विचारलं, मुलाला फोन करायची परवानगी घेतली, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. मानसिक आरोग्यासाठीची ही केंद्र सरकारची मोफत फोनसेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. झोप, भूक आणि कामावरचं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल तर डॉक्टरकडे जायला मरणाच्या विचारांची वाट बघू नये, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही दिवस गाडीत वाचताना डोळे मिटायला लागले. तेव्हा सकाळचं वाचन बंद करून फक्त संध्याकाळचं, मोठ्याने वाचायचं ठेवलं. ते वाचायचं काम तोवर मुलाकडे गेलं होतं. सभासदत्वाचा अर्जही त्यानेच भरला, आजीच्या नावाने, कारण पुस्तकं ठरवणारी आता तीच होती.